फिरत्या वहीचं एकाहत्तरावं पान

१

वही परत आली ती दोन पानांनी हलकी होऊन.

शनिवारी सकाळच्या एसटीच्या कंडक्टरने ती माझ्या ओट्यावर ठेवली, "बाय, तुमचा ग्रंथ आला," हा नऊ वर्षं जुना विनोद पुन्हा एकदा केला आणि गेला. मी चहा बाजूला सारून पानं मोजायला बसले. वही आली की आधी मोजायची, मग वाचायची, असा माझा शिरस्ता. लोक हसतात. हसोत बापडे.

अठ्ठाविसानंतर एकदम एकतीस. पुढे सत्तरानंतर त्र्याहत्तर.

आकडे मी स्वतः लाल पेन्सिलीने घातलेले, त्यामुळे चूक होण्याचा प्रश्न नव्हता. शंभर पानी वही मधोमध शिवलेली असते. पुढचं एक पान काढलं की त्याचं मागचं जोडपान सुटतं. एकोणतीस-तीसचं जोडपान एकाहत्तर-बहात्तर. म्हणजे कुणीतरी एकच कागद काढला होता, आणि तोही ओढून किंवा फाडून नाही. शिवण उसवून, कागद अलगद काढून, वही पुन्हा शिवली होती. मी लाल दोऱ्याने शिवली होती. आता दोरा पांढरा होता.

माझं नाव मालन. पस्तीस वर्षं नर्स होते, आता कर्जतला दोन खोल्या आणि एक मोगरा सांभाळते. वहीची ही चाल मी एकोणसत्तर साली सुरू केली; एक भरली की दुसरी शिवते, आताची ही पाचवी. डोंगरातल्या नर्सबाया आपापल्या गावात एकट्या. फोन नाही, डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार. अडलं तर विचारायचं कुणाला? म्हणून वही. कर्जतहून ती निघते, खालापूरच्या अलीकडे जनाकडे जाते, तिथून डोंगराच्या पायथ्याला बोरमाळावर सुंदराकडे, आणि शेवटी वर शिरवणला ठकूबाईकडे. ठकूबाईच्या पुढे रस्ताच नाही, म्हणून वही त्याच वाटेने खाली येते. सुंदरा, जना, मी. उजव्या पानावर प्रश्न लिहायचा, त्याच्या पाठीवर उत्तर.

वहीचे नियम मी पुठ्ठ्याच्या आत चिकटवले आहेत. तीन दिवसांपेक्षा जास्त वही ठेवू नये. रोग्याचं नाव लिहू नये. वही बाहेरच्या माणसाला वाचायला देऊ नये. आधी लिहिलेलं पुन्हा उतरवून पानं भरू नयेत. वहीतलं काही नष्ट करू नये, खोडायचं तर एकाच रेघेने, खालचं वाचता येईल असं. आणि 'पाहिले'चा नियम, माझा सगळ्यात लाडका: "सांगण्यासारखं वेगळं काही नसेल तर 'मलाही असंच वाटतं' अशी लांबण लावू नये. 'पाहिले' एवढं लिहून सही करावी. त्याचा अर्थ, हरकत नाही." पहिल्या वर्षी या बायांनी एकमेकींना शाबासक्या देण्यात तीस पानं खर्ची घातली होती, म्हणून तो करावा लागला.

पानं हरवणं एरवी मी भांडून मिटवलं असतं. पण अकरा दिवसांपूर्वी बोरमाळाच्या वरच्या कातकरवाडीत सोमी नावाची बाई बाळंतपणात गेली होती. झटके आले आणि गेली. मुलगी जगली. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी, येत्या शुक्रवारी, सुंदराची चौकशी होणार होती. आठवडाभर आधी बाईला सूज दिसली, तरी तिला खाली का नेलं नाही? कुणा जाणत्या नर्सला विचारलं होतं का? सुंदराने लेखी जबाब दिला होता, "नाही विचारलं." नोकरी जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

मी वही पुन्हा उघडली. सत्तराव्या पानावर वर जाताना जनाने लिहिलेलं. त्र्याहत्तराव्यावर खाली येताना सुंदराने लिहिलेलं. वर जाताना सुंदराने काय लिहिलं, त्याखाली ठकूबाईने काय लिहिलं, ते नेमकं गेलेल्या कागदावर होतं. सुंदराने विचारलं होतं. आणि ते कुणालातरी नको होतं.

२

दुपारच्या एसटीने मी जनाकडे गेले. संशय घ्यायचा तर तिचाच आधी, कारण दिवाळीत माझं आणि तिचं चांगलंच वाजलं होतं.

सुंदराने त्या वेळी एका बाईला डोलीतून खाली आणवलं होतं. चार माणसांचा कामाचा दिवस मोडला, आणि खाली येऊन पाहतात तर बाईला काही झालेलं नाही. जनाने वहीत दीड पान झोडपलं: उगाच डोल्या काढून वाडीचा विश्वास घालवू नये. मी त्यावर रेघ मारली आणि नवा नियम लिहिला, एकीने दुसरीची तक्रार वहीत करू नये.

जना दारातच म्हणाली, "आलीस? मीच फाडलं असं वाटतं ना तुला?"

"फाडलं हे तुला कसं कळलं?"

"दोरा पांढरा हाय की गं. वही हातात आली तेव्हाच बघितलं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तुझा नियम. तक्रार करू नये." तिने तोंड फिरवलं. "मालनताई, मला ती पोरगी आवडत नाय असं नाय. ती सगळ्यांची लाडकी, ठकूबाईची तर तळहातावरची. मी जरा कडू बोलले. आता वाटतं, त्या माझ्या दीड पानानं ती डोली काढायला भ्याली असंल का?"

रेघ एकच मारलेली होती. खालचं सगळं वाचता येत होतं.

तेवढ्यात टपालाची पिशवी घेऊन काळूराम आला. डोंगरातली टपालं तोच नेतो, वहीही तोच. चाळिशीचा, बोलघेवडा. वहीचं विचारलं तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाय, मी वही कदी उघडली नाय. सुतळी बांधून देतात तशीच पोचवतो. पन एक सांगू का? या बारीला खाली येताना सुंदराबायनं वही सा दिवस ठेवली. दोनदा रिकामा गेलो. असं कदी केलं नाय तिनं."

"आणि ठकूबाईने?"

"ती कुठली ठेवती! तीन दिवस म्हंजी तीन दिवस. माजी वाट बघत ओट्यावर बसलेली असती. लेकाची पत्रं मी वाचून दाखवायची, तवा कुठं च्या भेटतो. लेकाचं अक्षर म्हंजी कोंबडीचे पाय म्हनती." तो हसला, मग पिशवी खांद्यावर घेतली. "परवा लई रडली बाय. सोमीचं ऐकून."

परत जायला गाडी होती, पण मी जनाकडेच राहिले. कागद बोरमाळ ते शिरवण एवढ्याच टापूत गेला होता. शिरवणला चढायचं म्हणजे माझ्या गुडघ्यांची परीक्षा होती. पण ठकूबाईने त्या पानावर काय लिहिलं होतं, हे ठकूबाईच सांगू शकत होती.

३

ठकूबाईला सगळं खोरं मानतं. तिच्या हातून जन्मलेली पोरं आता बाप झाली आहेत. आणि मी तिला का मानते ते वेगळंच आहे. बहात्तर साली सुंदरा नवीन नर्स म्हणून आली, तेव्हा बोरमाळावर तिला कुणी खोली देईना. तिच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता. गाव तोंडावर गोड बोलायचं आणि खोली मात्र नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली असायची. ठकूबाई खाली उतरली, सगळ्या गावासमोर सुंदराची पेटी उचलली आणि तिला शिरवणला स्वतःच्या स्वयंपाकघरात वर्षभर ठेवलं. पोरगी रोज तीन तास उतरायची, तीन तास चढायची. वर्षाने गाव ओशाळलं आणि खोली मिळाली.

रविवारी मी तिच्या अंगणात पाय ठेवला तेव्हा ठकूबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"मालन का गं? पाय घासत चालायची खोड गेली नाय तुजी." मान वर न करता ती म्हणाली. "बस. दमली असशील."

बोटांनी खडे शोधून ती बाजूला टाकत होती, भराभर, एकही दाणा न सांडता. मग उठून तिने चहा ठेवला. मी वहीचं काढलं.

"ह्या बारीला सुंदराने काय लिहिलं होतं, ठकूबाई?"

"नेहमीचंच की. गोळ्यांचं कायतरी." ती कपात चहा ओतत होती. बोट कपाच्या कडेच्या आत धरलेलं. चहा बोटाला लागला तशी थांबली. "मी सही केली नि दिली."

"सोमीबद्दल काहीच नव्हतं?"

तिचा हात थांबला. तिने कप माझ्यापुढे धरला, पण जरा उजवीकडे. मला सरकून घ्यावा लागला.

"तेच तर खातंय मला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरला. "पोरीनं मला इचारलं नाय गं. मला! तोंड सुजलं, डोकं दुखतंय, एवढं जरी कळवलं असतं तर मी रातोरात उतरले असते. पाच बायका वाचवल्यात मी अशा. तिला काय वाटलं, मावशी रागवंल? मी काय परकी हाय का तिला?" पदराने तिने डोळे पुसले. "तिची नोकरी जाईल. सोमी तर गेलीच. आनि मी इथं बसून तांदूळ निवडते."

मी विषय बदलला. "पण मुलगी जगली, ती तुमच्यामुळे. निळी पडली होती म्हणे. सुंदराने तुमची रीत वापरली. वहीत पुन्हा उतरवून ठेवलीय तिने."

"उतरवून? कशाला? हाय की तुज्या वहीत. एकोणतिसाव्या पानावर. मी स्वतः लिवलेली."

माझ्या हातातला कप तिथेच राहिला.

त्र्याहत्तरावं पान मी शनिवारीच वाचलं होतं. "मावशींची टीप पुसट झाली आहे, म्हणून पुन्हा लिहून ठेवते," असं सुंदराने लिहिलं होतं, आणि खाली निळ्या पडलेल्या मुलाची सगळी रीत. तारीख, सोमी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मला वाटलं होतं, ताज्या अनुभवाने लिहिली असेल. नियम मोडला म्हणून मी थोडी चिडलेही होते. आजवर एकही नियम न मोडणारी पोरगी! पण एकोणतिसावं पान पुसट झालेलं नव्हतं. ते नाहीसं होणार होतं. आणि ते नाहीसं होणार हे आधीच कुणाला ठाऊक असणार? जी एकाहत्तरावं काढणार होती तिलाच. एक पान काढलं की दुसरं जातं, आणि त्या दुसऱ्यावर मावशीची विद्या होती. ती तिला बुडू द्यायची नव्हती.

कागद सुंदरानेच काढला होता. स्वतःला वाचवू शकणारा एकमेव पुरावा तिने स्वतःच्या हाताने काढला होता. कुणासाठी?

मी वही उघडून ठकूबाईच्या गेल्या सहा-सात फेऱ्यांच्या सह्या पाहिल्या. "पाहिले. ठ." एक जनाच्या ओळीवर चढलेली. एक समासाबाहेर. एक पान उलटून गेल्यावर, जिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं तिथे. वयाचा गबाळेपणा म्हणून मी त्यांना हसले होते.

"ठकूबाई," मी म्हटलं, "माझ्या कपाळाला काय लागलंय बघा जरा."

तिने पाहिलं. माझ्या कानाकडे.

"काय नाय गं," ती म्हणाली.

४

उतरताना मी बोरमाळावर थांबले. गुडघ्यांमुळे नाही.

सुंदराच्या ओट्यावर सोमीची सासू बुधी बसली होती, मांडीवर अकरा-बारा दिवसांची मुलगी. सुंदरा बाटलीने दूध पाजत होती. सुंदरा वाळून निम्मी झाली होती. मला पाहून बुधी म्हणाली, "हिला काय बोलू नको गं बाय. पोरीत जीव हिनंच आनला. तोंडानं वारा घालून घालून."

बुधी गेल्यावर मी दार लोटलं.

"कागद कुठे आहे, सुंदरा?"

"कसला कागद, ताई?"

"मावशीला दिसत नाही, हे तुला कधी कळलं?"

ती खाली बसली आणि पेटी उघडली. लुगड्याच्या घडीतून तिने तो कागद काढला. जाळला नव्हता. वहीतलं काही नष्ट करू नये, हा नियम तिने पाळला होता.

एकाहत्तराव्या पानावर तिचं टपोरं अक्षर होतं:

"४ जानेवारी. वाडीतली बाई, आठवा महिना संपत आला. पाय सुजलेत. दोन दिवसांपासून हात आणि तोंडही. डोकं दुखतं म्हणते, पण उन्हात मोळ्या आणते, त्यानेही असेल. रक्तदाबाचं यंत्र दुरुस्तीला गेलं आहे. मागच्या डोलीमुळे वाडीतली माणसं नाराज आहेत. मीठ बंद करून पडून राहायला सांगितलं आहे. पुढच्या गुरुवारी डॉक्टर येतील तोवर थांबावं असं वाटतं. थांबू नये असं कुणाला वाटत असल्यास लिहावं. मावशी, तुम्ही म्हणाल तसं."

खाली, तिच्या शेवटच्या ओळीवर तिरकं चढलेलं: "पाहिले. ठ."

पाठीचं पान, उत्तराचं, कोरं होतं.

"मला वाटलं, मावशींनी पाहिलं," सुंदरा म्हणाली. "काय लिहिलं नाय, म्हणजे हरकत नाय. तुमचा नियमच हाय तो, ताई. मी निवांत झाले. त्या रात्री मी झोपले हो चांगली." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मंगळवारी सोमीला झटके आले. ती गेल्यावर मी पान पुन्हा काढून बघत बसले. मावशी असं सोडतील कसं? तेव्हा ती सही दिसली, माझ्या अक्षरावर चढलेली. मग मागच्या सगळ्या सह्या बघितल्या. दिवाळीला गेले तेव्हा मावशी सुई माझ्यापुढे धरून म्हणाल्या होत्या, ओव गं, मी भाकरी थापते. माझ्या लक्षात यायला पायजे होतं."

"तू खरं सांगत का नाहीस? तू विचारलं होतंस!"

"आणि मावशींनी सही केली होती. न वाचता. असं सांगू?" पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "चाळीस वर्षं त्या खोऱ्यात बाया म्हणतात, ठकूबाय हाय ना, मग भ्या नाय. पाच महिन्यांनी त्या नोकरीतून सुटतील. त्याआधी सगळ्यांनी म्हणायचं, हिच्यामुळं सोमी मेली? आणि त्यांना कळलं, तर त्या जगतील का, ताई? माझी पेटी उचलली होती त्यांनी. डोक्यावर घेतली होती, सगळ्या गावातनं."

"त्यांना वाटतंय तू विचारलंच नाहीस. तेच त्यांना खातंय."

"खाऊ दे. तेवढं त्यांना सोसंल." ती रडायला लागली. "तुम्ही सांगितलंत तर मी म्हणेन, पान मी मागनं लिहिलं. खोटं आहे."

मी कागद माझ्या पिशवीत घातला. तिने हात धरला, मी सोडवला. मला तिची कीव आली आणि स्वतःची घृणा आली, दोन्ही एकदमच.

"पोरी, तू प्रश्न विचारलास. तो पोचला नाही. वही माझी आहे. पोचवायचं काम माझं."

५

बुधवारी मी पुन्हा शिरवणला चढले. ठकूबाई ओट्यावर उशीला टेकून काळूरामची वाट बघत बसली होती.

"दोनदा आलीस आठवड्यात? काय झालं गं?"

"वहीतलं एक पान वाचून दाखवायचंय."

ती एकदम ताठ झाली. तिला कळलं की मला कळलंय.

"बाळंतपनाला डोळे कुठं लागतात," ती हळूच म्हणाली. "हात लागतात. हातांनी कदी दगा दिला नाय मला. मी सुटले तर हितं वर कोन येनार, सांग. म्हनून झाकलं. पत्रं काळूराम वाचतो. पन वही त्याला कशी देनार? बाहेरच्याला दावू नये, तूच लिवलंस. मग सही करायचे. वाटायचं, खरंच अडलं तर पोरी येतील की माज्याकडं."

"ठकूबाई, पोरगी आली होती तुमच्याकडे."

आणि मी वाचलं. चार जानेवारीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. "मावशी, तुम्ही म्हणाल तसं" हे वाचताना मला नीट वाचता आलं नाही, तरी वाचलं.

ठकूबाई हलली नाही. रडलीही नाही. तिने विचारलं, "माज्याकडं किती दिस व्हतं ते?"

"तीन."

"ह्याच उशाखाली." तिने मागे हात नेऊन उशी चाचपली. "इचारलं व्हतं तिनं. आनि मी तिलाच दोष देत बसले."

मग ती उठली, चूळ भरली, पदर सारखा केला आणि परत बसली. एखाद्या बाळंतिणीकडे जायचं असलं की ती असंच करायची.

"मागचं पान कोरं हाय ना? लिव."

"आता काय उपयोग, ठकूबाई?"

"प्रश्न हाय तर उत्तर पायजे. लिव." तिचा आवाज पूर्वीचा, कडक झाला. "तोंड आनि हात सुजले आनि डोकं दुखतंय, तर ते उन्हाचं नसतं. त्याच दिशी डोलीत घालून खाली न्यावं. डॉक्टरची वाट बघू नये. यंत्र नसलं तरी चालंल. वाडीतली मान्सं रागावली तर रागावू द्यावी, मागनं पाया पडता येतं. वाटेत अंधारात, गपगार न्यावं, डोळ्यावर उजेड येऊ देऊ नये. एकटी सोडू नये." ती थांबली. "आनि लिव, सुंदरा, बाय माजे, तुजा अंदाज बरोबर व्हता. भ्यायला नको व्हतंस."

मी लिहिलं. मग तिने माझ्या हातातलं पेन घेतलं. मी तिचं बोट ओळीखाली नेऊन ठेवलं. तिने लिहिलं, "ठकूबाई." पूर्ण नाव, नऊ वर्षांत पहिल्यांदा.

६

शुक्रवारी चौकशीला डॉक्टर आणि दोन साहेब बसले होते. सुंदरा भिंतीशी उभी. मी मागच्या बाकावर, आणि ठकूबाई काळूरामच्या काठीला धरून दारातून आत आली. सुंदराने माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेचा मला अजून विसर पडत नाही.

"मावशी, तुमी कशाला आलात? जावा तुमी!"

ठकूबाईने टेबल चाचपलं आणि कागद त्यावर ठेवला. "साहेब, हिनं इचारलं व्हतं. हे तिचं पान. सही माजी हाय, पन मला दिसत नाय. दीड वर्ष झालं. पाठीमागं माजं उत्तर हाय."

डॉक्टरांनी कागद उलटून वाचला. "हे उत्तर कधीचं?"

"परवाचं," ठकूबाई म्हणाली. "प्रश्न चार तारखेचा."

सुंदरा भिंतीला टेकून तशीच खाली बसली.

सुंदराची नोकरी राहिली, ताकीद मिळाली. ठकूबाईला त्याच आठवड्यात घरी बसवलं. खोऱ्यात व्हायचं ते बोलणं झालं. काही बायांनी नावं ठेवली, काही तिच्या ओट्यावर येऊन रडून गेल्या. शिरवणची जागा घ्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा सुंदराने ती मागून घेतली. आता पुन्हा ती ठकूबाईच्या स्वयंपाकघरात राहते. बोरमाळावर नवीन मुलगी आली आहे. बुधी नातीला घेऊन महिन्यातून एकदा वर जाते.

'पाहिले'च्या नियमावर मी रेघ मारली. एकच, खालचं वाचता येईल अशी. चौकशीतून परत मिळालेला तो कागद जागेवर शिवला आणि वही फिरायला सोडली. ती खाली आली तेव्हा प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी होत्या. "वाचून दाखवले. सुं." आणि त्याखाली, सरळ ओळीत, कुणीतरी बोट धरून लिहून घेतलेलं: "ऐकले. ठ." जनानेही सगळीकडे नीट उत्तरं लिहिली होती.

बहात्तराव्या पानाखाली मात्र ठकूबाईचं नाव सोडून कुणाचीच सही नव्हती. वही माझी, शेवटची सही माझी असते. मी 'पाहिले' लिहायला पेन उघडलं, पण तो शब्द माझाच होता; वही तशीच मिटली.